चिकटपट्टीचे पाच थर

माझ्यात एक वाईट खोड आहे. मशीन बिघडलं की मला माणसांचा राग येतो. पवनीच्या शाळेत अठरा वर्षं कॉम्प्युटर शिकवते आहे, पण ही खोड काही गेली नाही. आमच्या लॅबमधली मशीनं सरकारी योजनेतून आली आणि त्यांच्यावर पहिल्या दिवसापासून लिनक्स आहे. यात विंडोज काहून नाही, असं विचारणाऱ्या प्रत्येक पालकाला मी उभ्या उभ्या व्याख्यान दिलेलं आहे. लिनक्स खोटं बोलत नाही, ते जे सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा, असं मी वर्गात छातीठोकपणे सांगत असे. आता हे वाक्य जरा बदलून सांगते.

शाळेत खिचडी शिजवायला एक काकू येतात. पन्नाशी ओलांडलेल्या, कमी बोलणाऱ्या, जवळच्याच खेड्यातून चालत येणाऱ्या. उन्हाळी धान लावलेलं असतं त्या दिवसांत त्यांच्या टाचांच्या भेगांत बांधीतला, म्हणजे धानाच्या वाफ्यातला, चिखल वाळलेला दिसतो. तो धुऊनच त्या चुलीपाशी जातात. एका सोमवारी खिचडीची भांडी आवरून झाल्यावर त्या लॅबच्या दाराशी आल्या, चपला बाहेर काढल्या आणि पदराखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत एक डिस्क होती.

"मॅडम, हे लावून देता का? भंडाऱ्याच्या डॉक्टरनं मांगतलं. त्याईच्या कॉम्प्युटरले हे घालाची जागाच नाई म्हणते."

डिस्क त्यांच्या नवऱ्याच्या छातीच्या स्कॅनची होती, सात वर्षांपूर्वी नागपुरात काढलेल्या. तेव्हा काकांना खोकला धरला होता. तरुणपणी होऊन गेलेल्या टीबीचा डाग आहे, असं सांगून त्यांना घरी पाठवलं होतं. आता पुन्हा खोकला आला, भंडाऱ्यात नवा स्कॅन निघाला, आणि फुप्फुसावर डाग दिसला. डॉक्टरांना एवढंच ताडून पाहायचं होतं की हा डाग तोच आहे की दुसरा. तोच असेल आणि तेवढाच असेल, तर त्याला हात लावायचा नाही. नवा असेल किंवा वाढला असेल, तर बरगड्यांमधून सुई घालून तुकडा काढायचा. सुईची तारीख शुक्रवारची होती.

जुन्या स्कॅनचा कागद राहिला नव्हता. स्कॅन काढल्याच्या पुढच्याच वर्षी वैनगंगेचं पाणी त्यांच्या घरात छातीइतकं शिरलं आणि फाइलचा लगदा झाला. जिथे स्कॅन काढला ते सेंटर कधीचं बंद पडलं, तिथे आता साड्यांचं दुकान आहे. पुरातून ही डिस्क तेवढी वाचली. काकांचा सुईला विरोध नव्हता, पण त्यांच्या मोठ्या भावाला अशीच सुई घालायला नेलं होतं आणि तो परत आला नव्हता. त्या भावाचा आजारच मोठा होता, हे काकूंना कळत होतं. काकांच्या डोक्यात मात्र सुई बसली होती.

"त्यात काय, पाच मिनिटांचं काम आहे," मी म्हणाले.

डिस्कचा ड्राइव्ह असलेलं चालू मशीन आता गावात शोधून सापडत नाही. फोटो स्टुडिओवाल्यानं त्याचं भंगारात दिलं. आमच्या लॅबमध्ये मात्र अजून आहेत. मी एका मशीनमध्ये डिस्क सरकवली. लिनक्समध्ये डिस्क आत गेली म्हणजे ती दिसेलच असं नाही. ती माउंट व्हावी लागते, म्हणजे आलेल्या पाहुण्याला घरातली एखादी खोली नेमून द्यायची. तोवर तो दारातच उभा. बहुतेक वेळा हे आपोआप होतं. त्या दिवशी दिवा लुकलुकला, आत घरघर झाली, आणि दिवा विझला. मग मी कीबोर्डवरून माउंटची आज्ञा दिली. उत्तर आलं की ड्राइव्हमध्ये डिस्कच नाही.

"आत्ता माझ्या हाताने घातली ना," मी मशीनला म्हणाले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली. मी त्यांना म्हटलं, ठेवून जा, उद्या करून देते.

मंगळवारी मी हात धुऊन त्या डिस्कच्या मागे लागले. डिस्क काढून पुन्हा घातली. परवानग्या तपासल्या. फाइलींचा प्रकार ओळखता येत नसेल म्हणून तो हाताने लिहून दिला. आत काय चाललं आहे याची नोंद लिनक्स ठेवत असतं, ती उघडली, तर एकाखाली एक सारख्याच ओळी, की वाचायला गेलो, वाचता आलं नाही, पुन्हा गेलो, वाचता आलं नाही. मला वाटलं, खडूची धूळ. अठरा वर्षांची धूळ आहे त्या खोलीत. ड्राइव्ह उघडून भिंग कापसाच्या काडीने पुसलं. फरक पडला नाही. केबल बदलली, तरी नाही. मग कोपऱ्यात मरून पडलेल्या एका मशीनचा ड्राइव्ह काढून याला लावला. दोन स्क्रू कमी पडले, ते तसेच राहिले. त्या ड्राइव्हनेही तेच सांगितलं. एका शिक्षकांनी दारातून डोकावून विचारलं, जेवायला येता का, तर मी त्यांच्यावर खेकसले. त्यांचा काही दोष नव्हता.

बुधवारी मला शहाणपण सुचलं. आधीच करायला हवं होतं ते केलं. कपाटात विज्ञानाच्या प्रयोगांची एक जुनी डिस्क होती, ती त्याच ड्राइव्हमध्ये घातली. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच ती माउंट झाली आणि पडद्यावर बेडकाचं हृदय आलं. म्हणजे ड्राइव्ह चांगला, केबल चांगली, लिनक्स तर चांगलंच. राहिली फक्त काकूंची डिस्क.

दुपारी मी त्यांना चुलीपाशीच गाठलं. "काकू, डिस्क गेली. मशीन चांगलं आहे, मी दुसरी लावून पाहिली."

"गेली म्हणजे?"

"म्हणजे त्यातलं आता काही दिसणार नाही. पुराचं पाणी लागलंय तिला."

"बरं जी," त्या म्हणाल्या आणि झाऱ्याने खिचडी ढवळत राहिल्या.

मशीन चांगलं आहे, हे सांगताना माझ्या आवाजात समाधान होतं. ते मला तेव्हाच ऐकू आलं होतं. आजही त्या वाक्याची मला लाज वाटते. एका बाईच्या नवऱ्याच्या छातीत सुई जायची होती, आणि मी माझ्या लिनक्सची अब्रू वाचवत होते.

गुरुवारी खिचडी वाटून झाल्यावर काकू डिस्क परत न्यायला आल्या. मी टेबलाच्या खणातून पिशवी काढेपर्यंत त्या ओले हात पदराला पुसत उभ्या राहिल्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, काका कसे आहेत.

"बरे आहेत. कालपासून मले मोटर शिकवून राहिले."

"कसली मोटर?"

"शेतातली. स्टार्टर कसा दाबाचा, पाणी नाई चढलं तं काय कराचं, कोणत्या बांधीले आंधी सोडाचं. एवढी वर्षं मले हात लावू नाई देला, करंट लागन म्हणे. काल डिस्क गेली म्हणून सांगतलं, तं जेवले आणि म्हणते, चाल शेतात. मी म्हटलं, मले कायले शिकवता, तुमी आहा ना. तं म्हणते, शिकून ठेव."

हे सगळं त्यांनी तांदूळ संपत आले आहेत हे सांगावं तशा आवाजात सांगितलं. मी एक वाक्य बोलले होते, आणि त्या वाक्यावरून एक माणूस संध्याकाळी उठून आपल्या बायकोला स्वतःशिवाय शेत सांभाळायला शिकवत होता. मला फार वाईट वाटलं, आणि नेहमीप्रमाणे त्या वाईट वाटण्याचा रागच झाला, पण या वेळी स्वतःवर.

"थांबा, तुमच्यासमोर एकदा लावून पाहते," मी म्हणाले. काही होईल असं मला वाटत नव्हतं. रिकाम्या हाताने त्यांना पाठवायचं नव्हतं, एवढंच.

डिस्क आत गेली. दिवा लुकलुकला. घरघर सुरू झाली. काकू माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. मी पडद्याकडे पाहत होते, काकू मशीनच्या डब्याकडे.

"हे लडखडून राहिलं जी," त्या म्हणाल्या.

"काय लडखडतंय?"

"चाक. एका बाजूले भार आहे याले."

माझ्या कपाळावर आठी पडलीच. म्हणाले, "काकू, ड्राइव्हचा आवाज असाच असतो."

"मंग ते दुसरं लावलं होतं म्हणता ना काल, ते लावून पाहा बरं."

मी मुकाट्याने विज्ञानाची डिस्क लावली. ती एका सुरात गुणगुणली आणि बेडूक आला. मग काकूंची लावली. डबा हादरत होता. दोन स्क्रू कमी असलेला ड्राइव्ह आतल्या आत थरथरत होता, आवाज वर चढायचा, अडखळायचा, पडायचा, पुन्हा चढायचा, आणि शेवटी बंद. लिनक्सने पुन्हा सांगितलं, डिस्क नाही. तीन दिवस हा आवाज माझ्या कानावर पडत होता आणि मी पडदा वाचत बसले होते.

"तुम्हाला कसं कळलं हे?"

"मी नऊ वर्षं राइस मिलमध्ये होती ना जी. पट्ट्याचं चाक असं वाजलं का मिस्त्री मिल बंद करे. आंधी चाकाचा भार पाहे, मंग बाकीचं."

मी डिस्क बाहेर काढली आणि पहिल्यांदाच तिची वरची बाजू नीट पाहिली. म्हणजे पाहिली आधीही होती, पण दिसली नव्हती. वर एका कडेला काकांचं नाव पेनाने लिहिलेलं होतं, आणि त्या नावावर पारदर्शक चिकटपट्टी लावलेली होती. एक नाही, एकावर एक पाच थर. सगळ्यात खालचा थर मधासारखा पिवळा पडला होता.

ही पट्टी मला खटकली का नाही, याचं उत्तर सोपं आहे. आमच्याकडे कागद जपायचा म्हणजे त्याला चिकटपट्टी लावायची. रेशन कार्डाला, आधारला, बँकेच्या पुस्तकाला, पोरांच्या दाखल्याला. माझ्या स्वतःच्या पर्समधल्या आधार कार्डाच्या घडीवर ती आहे. दुसऱ्या गावच्या कुणी ती डिस्क हातात घेताक्षणी विचारलं असतं, हे काय लावलंय. मला ते विचारावंसं वाटलं नाही, कारण ते आमच्या घरचंच होतं.

"पुरातून काढली तवा नाव पुसून राहिलं होतं," काकू म्हणाल्या. "नाव गेलं तं हे कोनाचं आहे, कसं समजन? म्हणून लावली. मंग दिवाळीच्या साफसफाईत पिवळी दिसली का वरून नवी लावो."

आता सगळं जुळत होतं. डिस्क आत फार वेगाने फिरते. एका कडेला एवढंसं वजन जास्त झालं तरी ती डगमगते, वाचणारा किरण जागा चुकतो, आणि ड्राइव्ह दमून सांगून टाकतो की आत काही नाही. मी पट्टीच्या टोकाला नख लावलं.

"काढू नका जी, नाव जाईन," काकू घाईने म्हणाल्या.

मी थांबले, पण नावासाठी नाही. माझ्या लग्नाच्या फोटोंची सीडी मी एकदा वरचा स्टिकर सोलताना अशीच घालवली होती. लोकांना वाटतं, साठवलेलं सगळं खालच्या चकाकत्या बाजूला असतं. सीडीत ते वरच्या रंगाच्या लगेच खाली असतं, कांद्याच्या सालीइतकं पातळ. पट्टी ओढली असती तर काकांचं फुप्फुस पट्टीबरोबर निघून आलं असतं. मी नख मागे घेतलं.

"काढली तर आतलंही जाईल, काकू."

"मंग काढता कायले? समोरच्या बाजूले तेवढीच लावा."

त्या हे इतक्या साधेपणाने म्हणाल्या की मला हसू आलं, आणि हसतानाच कळलं की दुसरं काही करण्यासारखं नाही. मी स्टाफरूममधून चिकटपट्टीचं रीळ आणलं. काकूंनी खराट्याच्या काडीने जुन्या पट्टीची लांबी मापली आणि तेवढाच तुकडा नावाच्या बरोबर समोर लावला. मग दुसरा, मग तिसरा. मग त्यांनी माझी पेन्सिल मागितली, डिस्क तिच्यावर अडकवली आणि हलकेच फिरवली. डिस्क थांबली तेव्हा नाव खाली होतं. मिलमधला मिस्त्री चाक असंच टांगून पाहायचा म्हणे, जड बाजू आपणच खाली येते. चौथा तुकडा लावला, तरी नाव खालीच. पाचव्या तुकड्याचा कात्रीने निम्मा भाग कापून टाकला आणि उरलेला लावला. आता डिस्क जिथे सोडावी तिथे थांबू लागली. तीन-चारदा फिरवून काकूंनी ती माझ्या हातात दिली.

माझी भर एवढीच की ड्राइव्हला सावकाश फिरायची आज्ञा दिली. त्याचा वेग एकदम कमी करता येतो, आणि हे मला सोमवारीही माहीत होतं. फक्त सुचलं नव्हतं.

घरघर झाली, पण एका सुरात. मी माउंटची आज्ञा लिहिली, आणि पडद्यावर काहीच आलं नाही. काकूंनी विचारलं, "नाई झालं?" मी म्हटलं, "झालं." लिनक्समध्ये काम झालं की ते काही बोलत नाही. तक्रार असेल तरच बोलतं.

आत शेकडो चित्रं होती. मी ती एकेक करून मशीनवर उतरवायला लावली. दोन फाइली शेवटपर्यंत आल्या नाहीत, बाकी सगळ्या आल्या. तास संपल्याची घंटा झाली, पुढच्या वर्गाला मी मैदानावर पाठवलं. चित्रं उघडणारा प्रोग्राम उतरवायला अर्धा तास गेला, आणि मग पडद्यावर एक करडा गोल आला, आत दोन काळे डोह. काकू पुढे वाकल्या. चित्राच्या वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत नाव होतं. त्यांनी बोट लावून एकेक अक्षर जुळवलं.

"यात नाव आहे," त्या म्हणाल्या. मी पुढचं चित्र काढलं. त्यावरही नाव होतं. त्याच्या पुढच्यावरही. जे नाव जाऊ नये म्हणून त्या इतकी वर्षं थर चढवत होत्या, ते आत प्रत्येक चित्रावर कोरलेलं होतं. काकू खुर्ची ओढून बसल्या आणि बराच वेळ नुसतं ते नाव पाहत राहिल्या.

"डाग कोनता यात?"

"मला नाही कळत, काकू. ते डॉक्टरच सांगतील." या वेळी मी माहीत नसलेलं सांगितलं नाही.

चार वाजता काका मोपेड घेऊन फाटकाशी आले. उंच, वाळलेले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी पेनड्राइव्ह त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, सगळं निघालं काका. त्यांनी तो खिशात ठेवला, वरून खिसा दाबला.

"बरं झालं जी," ते म्हणाले. मग काकूंकडे वळून, "चाल, मोटरची लाइन येईन आता. आज मी हात नाई लावत. तूच लावजो."

शुक्रवारी मी वर्गात काय शिकवलं, मला आठवत नाही. काकूंच्या जागी त्यांची जाऊ खिचडी करायला आली होती, तिला काही माहीत नव्हतं. फोन करण्याची माझी हिंमत झाली नाही.

शनिवारी सकाळची शाळा. मी पोचले तेव्हा काकू चुलीपाशी होत्या, टाचांना ओला चिखल, आज धुवायचा राहिलेला. त्यांनी मला येताना पाहिलं आणि झारा खाली ठेवला.

"तोच आहे म्हणे डाग. तेवढाच आहे. दोन्ही चित्रं बाजूबाजूले लावून दाखवले आमाले. सात वर्षांत तांदळाच्या दाण्याएवढाही वाढला नाई. सुई नाई म्हणे, सा महिन्यानं दाखवून जा."

मला रडू आलं. चुलीचा धूर होता, त्याच्यावर ढकलता आलं असतं, पण ढकललं नाही. मी म्हटलं, "काकू, बुधवारी मी तुम्हाला डिस्क गेली म्हणून सांगितलं. नीट न पाहता सांगितलं. माझं चुकलं."

"तुमाले तसं दिसलं, तुमी सांगतलं," त्या म्हणाल्या आणि पदराच्या टोकाने माझ्यासाठी पाट पुसून दिला.

मी बसले. थोड्या वेळाने त्यांच्या पायांकडे पाहून विचारलं, "आता मोटर काका लावतात ना?"

"कायचे जी. म्हणते, तुले आली ना आता लावता, मंग मले निजू दे." त्यांनी खिचडीत मीठ टाकलं, चव पाहिली, अजून थोडं टाकलं. "आज मी पाणी सोडून घरी आली तरी घोरूनच राहिले होते. महिना झाला, असे निजले नोहते."

"उठवलं नाही?"

"नाई. दाराशी उभी राहून ऐकलं थोडा वेळ," काकू म्हणाल्या. "आवाज बराबर होता."